दारात उभी ठेवलेली मोरली

मित्रांनो, आधी पाय सांभाळा! मग बसा आणि मग ऐका.

मी एक जुनी मोरली आहे. शहरात मला विळी म्हणतात. पण आमच्या तारोडीला, जिथे घराच्या दारातून समुद्र दिसतो आणि अंगणात मासळी वाळते, तिथे माझं नाव मोरली. खाली लाकडी पाट, वर वाकडं पातं, आणि टोकाला नारळ खवायचे दात. माझी ओळख बहुतेकांना रक्तानेच होते. माणसं आधी "आय आय गं" म्हणतात आणि मग माझ्याकडे बघतात. काय करणार, मला हात मिळवता येत नाही ना!

माझा जन्मच मुळी मार खाऊन झाला. भाईंदरच्या नाथा लोहाराने एका मोडक्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव काढली, लालभडक तापवली, ऐरणीवर आडवी टाकली आणि घणाखाली अशी काही बडवली म्हणता! ठिणग्या उडत होत्या. मी ओरडत होते. मग पाण्यात बुडवून चर्रर्र! मी थंड झाले ती धारदार होऊनच.

पाट मात्र दुसरीकडून आला. आमच्या गावच्या होड्यांना संतांची नावं असतात. त्यातली 'सान पेद्रू' नावाची एक होडी खडकावर आपटून फुटली होती. गॅब्रियल नावाचा तरुण सुतार तिच्या जागी नवी होडी बांधत होता. नव्या होडीलाही तेच नाव दिलं. जुनीची एक फळी उरली, ती तासून त्याने माझा पाट केला, कारण त्याचं लग्न ठरलं होतं आणि नवरीला द्यायला दुसरं काही त्याच्याकडे नव्हतं. तेव्हा लक्षात ठेवा हं, माझं अर्धं अंग गाडीचं आणि अर्धं सान पेद्रूचं. पुढे याचं काम पडणार आहे.

नवरीचं नाव क्लारा. काय तिचा हात! माझ्यावर एक पाय दाबून बसायची आणि मुशीचं डोकं एका झटक्यात वेगळं. बोंबील, बांगडे, घोळ, जे येईल ते. अंगणभर खवले आणि रक्त, वर कावळ्यांची मारामारी. शेजारची मॅबेल कुंपणावरून म्हणायची, "क्लारा, तुजी मोरली मला दे गो, माजी तर लोण्याला बी घाबरते." क्लारा म्हणायची, "मोरली नेशील, पन हात कुठनं आनशील?" मी लाजून लाल व्हायचे. म्हणजे लाल मी असायचेच.

मग जुली झाली. ज्युलियाना तिचं नाव, पण एवढं लांब नाव हाक मारेपर्यंत ती पोर घराबाहेर पोहोचायची. रांगायला लागली आणि एक दिवस, क्लारा पाणी आणायला उठली होती, मी तशीच उभी होते, आणि ही चिमुरडी माझ्या चकाकत्या पात्याकडे हसत हसत आली. मी काय करणार? मला मागे सरकता येत नाही. तोंड पुढे, हात पुढे, आणि तेवढ्यात दारातून गॅब्रियलने आपला उजवा पाय मध्ये घातला.

मी त्याचा अंगठा नखापासून मुळापर्यंत चिरला.

त्याच रक्ताळलेल्या पायाने त्याने आधी मला कुशीवर पाडलं, आडवं केलं. मग पोरीला उचललं. आणि मग भिंतीला टेकून खाली बसला, पांढराफटक.

त्या दिवसापासून गॅब्रियलची एक सवय झाली. घरात शिरला की आधी खाली बघायचा. मी उभी दिसले की त्याच अंगठ्याने माझ्या पाटाची कड उचलायचा आणि मला हलकेच कुशीवर झोपवायचा. मग ओरडायचा, "मोरली उबी ठेवतात काय गो?" क्लारा हसायची. जुली मोठी झाली तशी तीही विसरायला लागली, तीही हसायला लागली. रोजचं झालं होतं ते. आणि मित्रांनो, मी जमिनीवर राहणारी, मला माणसांचे चेहरे फार माहीत नाहीत. पाय माहीत आहेत. त्या अंगठ्यावरची माझी पांढरी खूण मी अंधारातही ओळखली असती.

जुली सहा वर्षांची असताना क्लाराला खोकला लागला. आधी वाटलं, जाईल. मग एक दिवस मासळी चिरता चिरता ती खोकली आणि माझ्या पात्यावर रक्त पडलं. मला वाटलं मुशीचं. पण मुशी तर अजून कापलीच नव्हती.

क्षय. त्या वेळी हा शब्द घरात आला की शेजार बाहेर जायचा. क्लाराची खाट मागच्या पडवीत गेली, मध्ये जुन्या शिडाचा पडदा लागला. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. जुलीला तिच्याजवळ जायची बंदी. पोर दारात ताट ठेवायची आणि लांब काठीने आत सरकवायची. आतून क्लारा म्हणायची, "काय गो, मी काय मांजर हाय?"

"मांजर तरी म्याव म्हणते आय. तू नुसती खोक खोक करते!"

दोघी हसायच्या. हसता हसता क्लाराला ढास लागायची आणि मग जुली काठी हातात धरून तिथेच उभी राहायची, न जवळ जाता येत, न लांब.

आठव्या वर्षी जुली माझ्यावर बसली. बोटं कापून घेतली, रडली, मला शिव्या दिल्या, पुन्हा बसली. गॅब्रियल औषधपाण्याच्या खर्चासाठी मुंबईच्या गोदीत सुतारकामाला लागला होता. शनिवारी संध्याकाळी यायचा, रविवारी चर्चमध्ये मिस्सा झालं की जायचा. शनिवारी फडक्यात बांधलेली औषधाची बाटली यायची, आणि माझं झोपणं यायचं. बाकीचे दिवस मी उभी!

आणि मग युद्ध आलं. आधी लांब होतं, मग सिंगापूर पडलं आणि ते एकदम आमच्या अंगणात येऊन बसलं. कंदिलाला काळा कागद लागला. वरून विमान गेलं की कोंबड्यासुद्धा खोपटात पळायच्या. मॅबेल कुंपणावरून सांगायची, "जपानी मानूस दर्यातनं येतो. कोळ्याचे कपडे घालून येतो. कच्चा मावरा खातो तो, कच्चा! मंग मानसाला काय शिजवून खानार?" मासळी कच्ची खाणारा माणूस ही गोष्ट आमच्या गावाला बॉम्बपेक्षा भयंकर वाटली.

क्लाराचा भाऊ मॅन्युएल, जुलीचा मामा, सान पेद्रूचा तांडेल होता, म्हणजे होडी त्याच्या हुकमात चालायची. दणकट माणूस, आवाज असा की भरतीला ऐकू जावा. त्याने गावातली पोरं जमवून पहारा सुरू केला. रीत अशी ठरली: किनाऱ्यावर, वाटेवर, कुणीही दिसलं की ओरडायचं, "कोन हाय?" आपला असेल तो आपल्या होडीचं नाव ओरडून सांगेल. सान पेद्रू म्हणेल, सान जुजे म्हणेल. परक्याला संताचं नाव कुठलं येणार? तीन वेळा विचारायचं. उत्तर नाही आलं तर वल्ही होतीच.

पहिला सापडला तो एक चिनी कापडवाला. दरवर्षी यायचा तो, पाठीवर रेशमाचं गाठोडं घेऊन. मॅन्युएलच्या बायकोच्या लग्नाच्या पोशाखाची लेस त्याचीच. पण त्या वर्षी पोरांना त्याचे डोळेच तेवढे दिसले.

"कोन हाय?"

"कापडा, कापडा," तो हसून म्हणाला. तीन वेळा तेच म्हणाला.

आमच्याच अंगणात मारला त्याला. मी तिथेच होते, समोर. वल्ह्याचा आवाज मांसावर कसा येतो ते मला तेव्हा कळलं. ओल्या गोणीवर काठी मारल्यासारखा. त्याचे दोन दात माझ्या पाटाजवळ येऊन पडले. रेशीम चिखलात गेलं. तो सरपटत वाटेला लागला, आणि जुलीने टाळ्या वाजवल्या. दहा वर्षांची पोर हो! "मामाने जपानी मारला! मामाने जपानी मारला!"

शिडामागून क्लाराचा आवाज आला. "जुले, इकडं ये. तो कापडवाला हाय. त्याची बी पोर असंल कुठंतरी, वाट बघत."

जुलीचे हात खाली आले. पण मॅन्युएलची छाती रुंद झाली ती झालीच. त्याने ते वल्हं वेगळं काढून ठेवलं, पहाऱ्यासाठी.

आता मित्रांनो, घट्ट बसा.

सन चव्वेचाळीसचा एप्रिल. ईस्टर नुकताच झाला होता. शुक्रवारी दुपार उतरत असताना जमीन हलली. मी जमिनीवरच राहते, मला सगळ्यांच्या आधी कळलं. मग आवाज आला. पातेली फडताळातून खाली, कोंबड्या झाडावर, मॅबेल गुडघ्यावर. आणि जरा वेळाने दुसरा, पहिल्याहून मोठा! दक्षिणेला मुंबईच्या बाजूने काळा धूर वर चढत गेला.

"मुंबई गेली!" कुणीतरी ओरडलं. "जपानी आला!"

खरं काय झालं होतं ते नंतर कळलं. मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेलं जहाज फुटलं होतं. पण त्या दिवशी कुणाला काय माहीत? जुलीला एवढंच माहीत होतं की तिचा बा गोदीत असतो.

शनिवारी सकाळी गाव डोंगराकडे निघालं. बैलगाड्यांत म्हातारे, पोरं, गाद्या, कोंबड्या. जुलीने एका गाडीचा दांडा धरला. "माज्या आयला घ्या."

गाडीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी मॅबेलच बोलली, पदर तोंडाला लावून. "तू चल जुले. तुला मांडीवर घेते. पन खोकला गाडीत नको गो. लेकरं हायत."

"मंग मी बी नाय येत."

"मरशील!"

"मरंल मंग!" जुलीने दांडा सोडला. गाडी गेली. पोर अंगणात एकटी उभी राहिली, मुठी आवळून, आणि मग धावत आत आली आणि माझ्या शेजारी बसून रडली. मी तिचे पाय बघत होते.

मॅन्युएल आणि पहाऱ्याची पोरं मागे राहिली होती, किनारा राखायला. तो घरात आला, खाली वाकला, मला उचललं आणि दाराच्या आत, उंबऱ्याला लागून उभी केली. पातं बाहेर, समुद्राकडे. "हिला हलवू नको. कोनी घुसला तर पाय कापून पडंल. पडला की तू मुसळ घाल डोक्यात. मंग मी हायच. समजला?"

"बा येईल ना मामा? आज शनिवार हाय."

मॅन्युएलने तोंड फिरवलं. "दार लोटून घे," म्हणाला आणि गेला.

दिवसभर धूर अंगावर येत राहिला. दुपारी क्लाराला रक्ताची मोठी उलटी झाली. जुलीने काठी फेकून दिली, शिडाचा पडदा बाजूला केला आणि सरळ आत गेली. क्लारा हाताने "जा, जा" करत होती. जुलीने तिचं तोंड पुसलं, तो हात धरला. किती वर्षांनी! मग पुन्हा दाराशी आली, मुसळ दोन्ही हातांनी धरून भिंतीला चिकटून उभी राहिली. बारा वर्षांची पोर, आणि तिने मनाशी ठरवलं होतं की जो पहिला आत येईल त्याला ठार मारायचं. आय आत आहे. कुणीही तिच्यापर्यंत पोहोचता कामा नये.

सूर्य बुडायला आला तेव्हा किनाऱ्यावरून मामाचा आवाज आला.

"कोन हाय?"

उत्तर नाही.

"कोन हाय? होडीचं नाव सांग!"

नाही.

"बोल, कुनाचा तू? सोडनार नाय हां!"

फक्त लाटा. दाराच्या फटीतून मला दिसलं. एक माणूस वाळूतून चालत येत होता. नखशिखान्त काळा, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, तोंड सुजून भोपळा झालेलं. हातात काहीतरी छातीशी धरलेलं.

"त्याच्या हातात बॉम्ब हाय!" एक पोरगा किंचाळला.

पहिला दगड त्याच्या बरगडीत बसला. दुसरा गुडघ्यात. तो माणूस वळला, तोंड उघडलं, दोन्ही हात वर करायला गेला, पण हातातलं ते गाठोडं सोडेना. शब्द बाहेर पडायच्या आत तिसरा दगड कपाळावर. रक्त भळाभळा. मग पोरं वल्ही घेऊन धावली. तोच आवाज, ओल्या गोणीचा! तो पडला, उठला, एकाला ढकललं, पुन्हा पडला. आणि मग जे बळ उरलं होतं ते एकवटून धावत सुटला. सरळ आमच्या घराकडे.

"घरात घुसतो! जुले, तयार रहा!" मॅन्युएल त्याच्या मागे, वल्हं उगारून.

दार धाडकन उघडलं. जुलीने मुसळ डोक्यावर उचललं.

आणि माझ्यासमोर एक पाय आला. उजवा. काजळीने काळा, रक्ताने ओला. आणि अंगठ्यावर, नखापासून मुळापर्यंत, माझी पांढरी खूण.

मित्रांनो, मला ओरडायचं होतं! मी नाथा लोहाराच्या घणाखाली ओरडले होते, तसं. माझं अर्धं अंग सान पेद्रूचं आहे, मी त्याच्या वतीने नाव सांगू शकले असते. पण मोरलीला तोंड नसतं. दात असतात फक्त. तो पाय आता पुढे पडेल, मी तो कापेन, तो कोसळेल, वरून मुसळ आणि मागून वल्हं.

पाय थांबला.

मागे मरण धावत येत होतं, डोळ्यांत रक्त उतरलं होतं, तरी तो माणूस घराच्या दारात सवयीने खाली बघून थांबला. अंगठा माझ्या पाटाच्या कडेखाली गेला. आणि हलकेच, दर शनिवारी करायचा तसं, त्याने मला कुशीवर झोपवलं.

मुसळ जुलीच्या हातातून निसटलं.

"बा!"

मामाचं वल्हं खाली यायला लागलं होतं. जुली गॅब्रियलच्या अंगावरून झेपावली आणि घसा फाटेपर्यंत ओरडली, "सान पेद्रू! मामा, सान पेद्रू! सान पेद्रू!"

मॅन्युएलने ते नाव ऐकलं. मनगट वळवलं. पण उगारलेलं वल्हं पूर्ण थोडंच थांबतं? डोक्यावर बसायचं ते खांद्यावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज आला. गॅब्रियल गुडघ्यावर आला, आणि पहिल्यांदाच तोंडातून शब्द फुटला, केवढ्या मोठ्या आवाजात, जणू तो समुद्रापलीकडच्या कुणाशी बोलतोय:

"जुले! मोरली परत उबी ठेवलीस काय गो?"

त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. स्फोटाने त्याचे दोन्ही कान गेले होते. गोदीतून तो पाण्यात फेकला गेला, कुणीतरी वर काढला, मिठाच्या मचव्यातून खाडीने भाईंदरपर्यंत आला आणि तिथून चालत. मामाने तीन वेळा काय विचारलं, त्याला काहीच कळलं नव्हतं. आपलीच माणसं आपल्याला का मारतायत, हेही नाही. आणि छातीशी धरलेलं गाठोडं? जुलीने सोडलं. औषधाची बाटली. फुटली नव्हती.

शिडाचा पडदा हलला. क्लारा भिंतीला धरत धरत बाहेर आली, उंबऱ्यात बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. कुणी तिला लांब हो म्हणालं नाही.

मॅन्युएल तिथेच उभा होता. हातातल्या वल्ह्याकडे बघत होता, जणू ते त्याला कुणीतरी आत्ताच दिलंय. मग ते त्याने चुलीशी टाकलं.

"क्लारा," तो म्हणाला, "तो कापडवाला..."

क्लारा म्हणाली, "पानी आन आदी. मंग बोल."

क्लारा त्या नाताळापर्यंत राहिली नाही. पण ते उरलेले महिने ती शिडामागे नव्हती. दाराजवळ खाट होती तिची, आणि जुली ताट हाताने द्यायची. गॅब्रियलला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. मॅन्युएल पहाऱ्याला जात राहिला, पण रिकाम्या हाताने, आणि कुणी दिसलं की ओरडायच्या आधी जवळ जाऊन तोंड बघायचा. चिनी कापडवाल्याची त्याने भाईंदरपर्यंत चौकशी केली. तो पुन्हा कधी आला नाही.

आता युद्ध संपलंय, स्वातंत्र्यही आलंय. जुली सतरा वर्षांची झालीय. घरात मुंबईहून चकचकीत नवी मोरली आलीय, आणि मी खाटेखाली गंजतेय. माझं पातं झिजून झिजून चंद्रकोरीएवढं राहिलंय. तक्रार नाही. एक सांगू? परवा त्या नवीला जुली तशीच उभी ठेवून गेली. गॅब्रियल आत आला, खाली बघितलं, अंगठा पुढे केला. तिला काय कळणार त्यातलं, नवीन आहे. मी मात्र खाटेखाली सगळी शहारले.

म्हणून मित्रांनो, मला तेल लावा न लावा, धार काढा न काढा. पण काम झालं की मला उभी सोडू नका, कुशीवर झोपवा. आणि हातात उगारलेलं काही असेल, मुसळ असो, दगड असो की वल्हं, तर ते खाली आणण्याआधी एकदा समोरच्याच्या पायांकडे बघा. तो कदाचित घरी येत असेल.